मटण चिवट, भाज्यांचा लगदा: स्ट्यूमध्ये नेमकं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भावाकडे डब्लिनला खाल्लेला लॅम्ब स्ट्यू तुम्ही पुण्यात घरी करून पाहिलात. एक किलो मटण, बटाटे, गाजर, फरसबी आणि दोन टोमॅटो असं सगळं एकदम कुकरला लावलं आणि चार शिट्ट्या काढल्या. मटण चिवट राहिलं, भाज्यांचा लगदा झाला, रस्सा पाणचट झाला, वर तुपकट थर आला आणि एक उग्र वासही. येत्या रविवारी आठ माणसं जेवायला आहेत आणि मसाला कोणता चुकला, असं तुम्ही विचारलं आहे.

मसाला चुकलेला नाही. या पदार्थात मसाला जवळजवळ नसतोच. चूक वेळेची आहे. तुमच्या कुकरमध्ये दीड तास मागणारं मांस आणि वीस मिनिटं मागणारी भाजी एकाच वेळी गेली. अशा वेळी मधली कुठलीही वेळ धरली तरी दोन्ही बिघडणारच. हॉटेलच्या भटारखान्यात मी वर्षानुवर्षं हा प्रकार शिजवला आहे, आता घरी शिजवते, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं एकच सांगते: भाजी या पदार्थात आहेच नाही असं समजून आधी मटण पूर्ण शिजवा. ते झाल्यावर भाजीचा विचार करा.

आता यात बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. जनावर कोणतं, किती वयाचं, कुठला भाग, तुकडे केवढे आणि भांडं कसलं, यावर वेळ पाऊण तासापासून अडीच तासांपर्यंत कुठेही जाऊ शकते. त्यामुळे मी खाली मिनिटं लिहिली असली तरी ती अंदाज म्हणूनच घ्या. निकाल चमच्याने लावायचा.

मटणापासून सुरुवात करू. तुमच्या भावाने वापरलं ते कोवळ्या मेंढराचं मांस. आपल्या दुकानातलं मटण बहुतेक ठिकाणी बोकडाचं असतं. बोकडाच्या मांसात आतली चरबी कमी असते, ते जास्त कोरडं असतं आणि त्याला वेळ जास्त लागतो. मेंढीचंच हवं असेल तर पुण्यात ते मिळतं. ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असलेल्या दुकानात जा. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळी-बोकडाचं मांस खात नाहीत, त्यांच्यासाठी मेंढीचं मांस वेगळं विकलं जातं आणि तेच या पाटीखाली मिळतं. स्ट्यूला ते फार चांगलं लागतं. पण बोकडाचाही स्ट्यू उत्तम होतो, फक्त अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

भाग कोणता, हे जनावरापेक्षाही महत्त्वाचं. दुकानात ‘चांगलं द्या’ म्हटलं की मांडीचं लुसलुशीत, बिनचरबीचं मटण पुढे येतं. स्ट्यूला ते नको. खांदा, मान आणि नळी मागा. ज्या स्नायूंनी जनावराने आयुष्यभर चालण्याचं आणि मान वाकवून चरण्याचं काम केलं, त्यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. हेच कोलॅजन ओल्या, मंद उष्णतेत तासभर राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. त्यानेच मांस मऊ लागतं आणि रश्शाला अंग येतं. मांडीत ते कमी, म्हणून मांडीचे तुकडे जास्त वेळ शिजवले की मऊ होण्याऐवजी भुसभुशीत आणि कोरडे होतात. छातीचे दोन-चार तुकडे असले तर चालतील, पण जास्त नकोत, चरबी फार सुटते.

तुकडे हाडासकट आणि मोठे घ्या, दोन इंचांच्या आसपास. खाटीक सवयीने रश्श्याचे लहान तुकडे करतो, म्हणून सत्तूर उचलण्याआधीच सांगा. लहान तुकडा मऊ होईपर्यंत त्यातला सगळा रस बाहेर पडलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपण रविवारी सकाळी मटण आणतो आणि दुपारी जेवतो. कापल्यानंतर काही तासांत जनावराचे स्नायू आखडतात आणि तो ताठरपणा हळूहळू, साधारण एक-दोन दिवसांत, उतरतो. युरोपात मांस दुकानात येण्याआधी काही दिवस थंड खोलीत टांगलेलं असतं, त्यामुळे तिथल्या पाककृतीतली वेळ इथल्या ताज्या मटणाला पुरत नाही. तुम्ही शुक्रवारी सकाळी मटण आणा, मीठ लावून झाकून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा आणि शनिवारी शिजवा. एक किलोला दोन लहान चमचे मीठ पुरे. मीठ आतपर्यंत मुरतं आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं. फ्रीझरमध्ये मात्र ताजं मटण लगेच टाकू नका. आखडण्याची क्रिया पूर्ण होण्याआधी गोठलेलं मांस वितळताना आणखी आवळतं.

पपई लावू का, असं बरेच जण विचारतात. नको. जाड तुकड्यात पपई आत पोचत नाही, वरचा थर पिठूळ होतो आणि मधला भाग होता तसाच राहतो. ज्या पदार्थाला आपण तासभराहून जास्त वेळ देणारच आहोत, त्याला तिची गरज नाही.

वासाबद्दल. तो मुख्यतः चरबीत असतो, लाल मांसात कमी. बाहेरची पांढरी, कडक चरबी सुरीने काढून टाका, आतली पातळ रेघ राहू द्या. मोठ्या वयाच्या, खच्ची न केलेल्या बोकडाला वास जास्त येतो, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्या. उरलेली चरबी आपण दुसऱ्या दिवशी काढणार आहोत, ते पुढे सांगते.

आता परतणं. आयर्लंडमधल्या जुन्या घरगुती पद्धतीत मांस परततच नाहीत. मानेचं मांस, कांदे, बटाटे आणि पाणी, एवढ्यावर फिकट रंगाचा, साधा, गोडसर स्ट्यू होतो. फ्रान्समध्ये कोवळ्या मेंढराचा आणि वसंतातल्या भाज्यांचा जो नावारँ करतात, त्यात मांस खरपूस परततात आणि रस्सा तपकिरी होतो. दोन्ही बरोबर आहेत. बोकडाच्या मांसाला मला दुसरी पद्धत जास्त मानवते, कारण त्याला स्वतःची गोडी कमी असते आणि खरपूसपणा ती भरून काढतो.

परतताना मटण कोरडं हवं. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणून सुती फडक्याने प्रत्येक तुकडा टिपून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि एका वेळी पाच-सहाच तुकडे टाका. सगळं मटण एकदम टाकलं की भांडं थंड पडतं, पाणी सुटतं आणि मांस राखाडी होऊन स्वतःच्याच पाण्यात शिजतं. तुकडा टाकल्यावर हलवू नका. आधी तो तळाला चिकटतो, आणि रंग आला की स्वतःहून सुटतो. सुटत नसेल तर अजून झालेला नाही. दोन बाजूंना गडद रंग आला की ताटात काढा. परतल्याने रस आत कोंडला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. परतायचं ते चवीसाठी.

त्याच भांड्यात तीन-चार मोठे कांदे जाडसर चिरून घाला. मटणाच्या मिठाचा अंदाज घेऊन चिमूटभर मीठ टाका. कांद्याला पाणी सुटलं की तळाला धरलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून त्यात मिसळून घ्या. तो थर म्हणजे तुमच्या रश्शाची अर्धी चव, तो धुऊन टाकू नका. कांदा गुलाबी झाला की लसणाच्या सहा-सात पाकळ्या आणि एक मोठा चमचा मैदा घालून मिनिटभर परता. मग तमालपत्र, दहा-बारा मिरी ठेचून, आणि मिळाला तर वाळलेला थाईम अर्धा चमचा. दालचिनीचा लहान तुकडा आवडत असेल तर घाला. गरम मसाला, धणे-जिरे यांतलं काही घातलंत तर आपला नेहमीचा रस्सा होईल. तोही छानच, पण तुम्हाला डब्लिनची चव हवी आहे.

पाणी किती, इथे बहुतेकांचा हात सुटतो. मटण बुडवायचं नाही. तुकडे पातेल्यात नीट लावून गरम पाणी त्यांच्या निम्म्याच्या थोडं वर येईल इतकंच घाला. एक किलोला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. वरचा भाग वाफेवर शिजतो आणि रस्सा दाट राहतो. तुमचा रस्सा पाणचट झाला त्याचं कारण हेच. कुकरमधून पाणी फारसं उडून जात नाही आणि वर भाज्यांचंही पाणी सुटतं.

इथे आपल्या घरातली जुनी युक्ती कामाला येते. पातेल्यावर खोलगट ताट झाकण म्हणून ठेवा आणि त्या ताटात पाणी घाला. आतली वाफ थंड ताटाला लागून परत खाली ठिबकते, मटण वरूनही ओलं राहतं. ताटातलं पाणी तापत राहतं, आणि आत पाणी कमी पडलंच तर तेच गरम पाणी वापरता येतं. गार पाणी ओतून शिजणं मध्येच थांबवायची वेळ येत नाही. परदेशात याच कामासाठी जड लोखंडी झाकणाची भांडी वापरतात.

एक उकळी आली की वर येणारा फेस काढा आणि गॅस अगदी बारीक करा. पातेल्यात रटरट नको. दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा आळसावल्यासारखा वर यावा, इतकीच आच. जोरात उकळलं की मांसाचे तंतू आवळून पाणी पिळून टाकतात, आणि चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ आणि तुपकट होतो. तुमचा गॅस बारीक होऊनही जोरातच राहत असेल तर पातेल्याखाली तवा ठेवा. ओव्हन असेल तर १५० अंशांवर झाकून ठेवलेलं पातेलं सर्वांत निर्धास्त, कारण उष्णता चारही बाजूंनी सारखी लागते.

पहिल्या पाऊण तासाने एक तुकडा दाबून पाहा. तो कच्च्यापेक्षाही कडक लागेल. इथेच माणसं घाबरतात, ‘जास्त शिजलं’ म्हणून गॅस बंद करतात. प्रत्यक्षात या टप्प्यावर तंतू आवळलेले असतात पण कोलॅजन अजून विरघळलेलं नसतं. म्हणजे मटण सर्वांत चिवट असण्याची हीच वेळ. तुमच्या चार शिट्ट्या नेमक्या इथे येऊन थांबल्या असाव्यात. झाकण ठेवा आणि धीर धरा. मेंढीच्या खांद्याला साधारण दीड तास, बोकडाला दोन ते अडीच तास लागतात. झालं हे ओळखायच्या खुणा अशा: नळीच्या टोकाशी मांस मागे सरकून हाड उघडं दिसतं, चमच्याच्या कडेने दाबलं की तुकडा तंतूंच्या रेषेत फाटतो, आणि रस्सा बोटांमध्ये धरला की किंचित चिकटतो. तिन्ही खुणा दिसल्या की मटण झालं.

कुकरच वापरायचा असेल तर वापरा, मी त्याला कमी लेखत नाही. आत तापमान १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे वेळ निम्म्याहून कमी होते. फक्त शिट्ट्या मोजू नका, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी आणि प्रत्येक गॅसची धग वेगळी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ लावा. मेंढीला पंधरा-अठरा मिनिटं, बोकडाला पंचवीसच्या आसपास. मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम खळाळून उकळतं आणि मटण कोरडं पडतं. कुकरमध्ये पाणी कमी, दीड-दोन वाट्याच घाला. आणि भाज्या कुकरमध्ये झाकणाखाली अजिबात नकोत.

मी असते तर इथे शनिवारचं काम थांबवलं असतं. मटण त्याच रश्श्यात कोमट होऊ द्या, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि भाजी रविवारी करा. रविवारी सकाळी झाकण काढलं की वर पांढरी, कडक चरबीची चकती दिसेल. चमचा घालून उचलली की ती तुकड्या-तुकड्यांनी निघून येते आणि खाली गडद तपकिरी, थरथरणारी जेली असते. तुमच्या स्ट्यूवरचा तुपकट थर आणि बराचसा वास या चकतीबरोबर जातो. सगळी काढू नका, चमचाभर ठेवा, चव तिच्यातही आहे. थंड होताना मांस थोडा रस परत पिऊन घेतं, मीठ सारखं होतं, आणि पाहुणे यायच्या दिवशी तुमच्याकडे फक्त अर्ध्या-पाऊण तासाचं काम उरतं.

रविवारी जेवायच्या तासभर आधी पातेलं मंद आचेवर ठेवून जेली वितळू द्या. मग मटणाचे तुकडे हलक्या हाताने ताटात काढून घ्या, म्हणजे भाज्या ढवळताना ते मोडणार नाहीत. आता भाज्या, त्यांच्या-त्यांच्या क्रमाने. गाजर आणि सलगम मोठ्या फोडींत आधी. दहा मिनिटांनी बटाटे. आणखी बारा-पंधरा मिनिटांनी फरसबी, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मटार. बटाट्यात सुरी सहज जायला लागली की मटण परत घाला आणि पाच मिनिटं एकत्र गरम करा. फोडी लहान असतील तर वेळ कमी लागेल, म्हणून सगळ्या एकाच मापाच्या चिरा. फ्लॉवर घालायचा मोह होतो, पण त्याचा वास सगळ्यांवर बसतो, मी टाळते.

बटाट्याबद्दल दोन गोष्टी. नवा, पातळ सालीचा बटाटा फोड धरून ठेवतो. जुना, पिठूळ बटाटा कडेने विरघळतो. दोन्हींचा उपयोग आहे. एक जुना बटाटा पातळ चकत्या करून शनिवारी मटणाबरोबरच टाका. तो पूर्ण विरघळून रस्सा दाट करेल, आणि तसं केलंत तर मैद्याचीही गरज नाही. नवे बटाटे रविवारसाठी ठेवा. हीच आयर्लंडची घरगुती रीत: काही बटाटे विरघळण्यासाठी, काही खाण्यासाठी.

टोमॅटोचं मात्र जपून. आंबटपणात भाज्यांच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सैल होत नाही. मंद आचेच्या पातेल्यात टोमॅटो आधी गेला तर बटाटा अर्धा तास शिजूनही मध्ये कच्चट, टणक राहतो. कुकरच्या जोरापुढे हे लक्षात येत नाही, उघड्या पातेल्यात लगेच येतं. या स्ट्यूला टोमॅटोची गरज नाही. थोडा आंबटपणा हवाच असेल तर सगळं शिजल्यावर एक लहान चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. मीठही तेव्हाच शेवटचं चाखा, कारण रस्सा आटलेला असतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शुक्रवारी खांदा-मान-नळी आणून मीठ लावणं, शनिवारी परतून कमी पाण्यात मंद आचेवर चमच्याने तुटेपर्यंत शिजवणं, रात्रभर थंड, रविवारी चरबी काढून भाज्या क्रमाने. मसाला म्हणून मिरी, तमालपत्र आणि हवा तर थाईम.

वाढताना ताटल्या गरम पाण्याने तापवून घ्या. मेंढीची चरबी थोड्याशा थंडीनेही गोठते आणि टाळूला चिकटते, चवदार स्ट्यूसुद्धा त्यामुळे जड लागतो. वर भरपूर कोथिंबीर नको, थोडी पार्सली किंवा पातीचा कांदा चिरून घाला. बरोबर पाव चालेल. घरातल्या मोठ्यांना पाव नको असेल तर ज्वारीची भाकरी या रश्श्यात पावापेक्षाही चांगली मुरते, बिनधास्त करा.

तुमचा शेवटचा प्रश्न, आठ जणांसाठी दोन किलो केलं तर वेळही दुप्पट लागेल का? नाही. वेळ तुकड्याच्या जाडीवर ठरते, एकूण वजनावर नाही. एक उकळी यायला जास्त वेळ लागेल, त्यापुढे तेवढीच मिनिटं. मात्र परतायला चार-पाच घाणे लागतील, त्याला अर्धा तास वेगळा धरा. भांडं उंच नको, पसरट घ्या, म्हणजे तुकडे दोनपेक्षा जास्त थरांत रचले जाणार नाहीत. पाणी दुप्पट करू नका, सव्वा लिटरच्या आत ठेवा. बटाटे किलोभर, गाजर अर्धा किलो, सलगम तीन-चार, कांदे सहा-सात, फरसबी पाव किलो आणि मटार दोन वाट्या एवढ्यात आठ माणसं पोटभर जेवतील. एवढं मोठं पातेलं शनिवारी रात्री लवकर गार होणार नाही, म्हणून मटण आणि रस्सा दोन-तीन उथळ भांड्यांत काढून थंड करा आणि मगच फ्रीजमध्ये ठेवा.